दोन नंबरचा कंस

रविवारी सकाळी दाराची बेल वाजली, तेव्हा जावई दात घासत होता. दारात सासरे उभे होते. काखेत लॅपटॉप, आणि लॅपटॉपवर आंघोळीचा टॉवेल, चारही बाजूंनी नीट खोचलेला.

"दार लावा आधी," सासरे म्हणाले. "घरात आणखी कोण आहे?"

"तुमची मुलगी आहे."

"झोपलीय ना?"

"बाबा, मी इथेच आहे," मुलगी सोफ्यावरून म्हणाली. "तुमच्या समोर."

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि टॉवेल आणखी घट्ट केला. आयुष्यभर त्यांनी ऑडिटरची नोकरी केली होती. समोरच्या माणसाने काहीतरी लपवलं आहे, फक्त काय ते शोधायचं, या श्रद्धेवर त्यांची सगळी हयात गेली. निवृत्तीनंतर दुसरं काही तपासायला उरलं नाही म्हणून ते इमारतीचे सेक्रेटरी झाले. ते दुसऱ्या मजल्यावर राहत आणि मुलगी-जावई बरोबर त्यांच्या डोक्यावर, तिसऱ्या.

त्यांचं काम असं होतं. इमारतीतल्या लोकांनी एकमेकांविरुद्ध दिलेल्या तक्रारी त्यांनी दोन बोटांनी टाइप करून एका फाइलीत साठवल्या होत्या. प्रत्येक ओळीत आधी तक्रार करणाऱ्याच्या घराचा नंबर, मग बाणासारखी खूण, मग ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याचा नंबर आणि शेवटी तक्रार. आता त्या प्रत्येक ओळीचं एक सभ्य पत्र व्हायला हवं होतं. पत्र जाणार ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला, आणि तक्रार कोणी केली हे त्याला मेलं तरी कळता कामा नये.

"मी शब्द दिलाय सगळ्यांना," सासरे म्हणाले. "नाव फुटलं तर त्याच दिवशी राजीनामा."

"मग तुम्हीच लिहा ना पत्रं," मुलगी म्हणाली.

"मागच्या वेळी लिहिली होती. अक्षरावरून लोक ओळखतात, चेहऱ्यावरून ओळखतात. माणसाने वाचलं की तो बोलतो. म्हणून हे काम माणसाच्या नजरेखालून जाताच कामा नये. जावईबापू, तुमच्या त्या काळ्या पडद्यावर एक ओळ लिहिली की सगळी फाइल बदलते म्हणे."

"हो बाबा, सेड नावाचा प्रोग्राम आहे. दोन मिनिटांचं काम. दाखवा फाइल."

सासऱ्यांनी लॅपटॉप छातीशी धरला. "फाइल दाखवायची नाही. ती गोपनीय आहे."

"मग मी काम कशावर करू?"

"नमुन्यावर." त्यांनी एक खोटी ओळ सांगितली. एकशे एकची दोनशे दोनविरुद्ध तक्रार, विषय: नमुना. एकशे एक नंबरचं घर इमारतीत नव्हतंच. तिथे पाण्याचा पंप होता.

जावयाने तोंड धुतलं आणि कामाला बसला. ओळीतला जो भाग नंतर वापरायचा तो कंसात घालायचा, असा या प्रोग्रामचा रिवाज आहे. पहिल्या कंसात जे सापडेल त्याला उलटी तिरकी रेघ आणि एक, म्हणजे \1, असं बोलवायचं. दुसऱ्यातल्याला \2, तिसऱ्यातल्याला \3. जावयाने तीन कंस केले. तक्रार करणारा पहिल्यात, ज्याच्याविरुद्ध तो दुसऱ्यात, तक्रार तिसऱ्यात. पत्रात लिहिलं, 'सदनिका \2 यांस, आपल्याविरुद्ध पुढील तक्रार आली आहे: \3'. आणि एंटर दाबलं.

पडद्यावर इंग्रजीत निषेध उमटला.

"काय म्हणतोय?" सासरे पुढे वाकले.

"तीन नंबरचा संदर्भ अवैध आहे म्हणतोय."

"अवैध? कोण राहतं तीन नंबरला?"

"राहत कोणी नाही. तो कंसाला कंस समजत नाहीये. फाइलीत खरोखरचे कंस शोधतोय. त्याला आधी मोठा ई लिहून सांगावं लागतं, की बाबा रे, हे आपले साठवणुकीचे कंस आहेत."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"विसरलो."

सासऱ्यांनी 'विसरलो' हा शब्द मनात नोंदवून ठेवला. नोकरीत असताना हा शब्द त्यांनी पुष्कळ ऐकला होता आणि ऐकवणाऱ्यांपैकी बरेच जण पुढे निलंबित झाले होते.

मोठा ई लिहिल्यावर नमुन्याचं पत्र झकास निघालं. आता खरी फाइल. सासऱ्यांनी पडद्यावर वर्तमानपत्र चिकटवलं, खाली आज्ञा लिहिण्यापुरती एक फट ठेवली आणि स्वतः मान वाकडी करून कागदाच्या आत डोकावले. जावयाने एंटर दाबलं.

"पत्रं आली," कागदामागून आवाज आला. "पण काही पत्रांच्या डोक्यावर तारीख लटकतेय."

"तारीख कुठून आली? नमुन्यात नव्हती."

"काही तक्रारींवर मी तारीख घातलीय. सवय. पण ती पत्रात नको. अमक्या दिवशी लिफ्टमध्ये कोण कोणावर ओरडलं ते सगळ्यांना आठवतं. तारखेवरून माणूस सापडतो."

काही ओळींवर तारीख होती आणि काहींवर नव्हती. म्हणून जावयाने आज्ञेच्या सुरुवातीला आणखी एक कंस घातला: तारीख असेल तर गिळ, नसेल तर पुढे चल. पुन्हा एंटर.

"तारीख गेली," सासरे म्हणाले. "पण तक्रारसुद्धा गेली. तिच्या जागी नुसता एक आकडा आलाय."

"कुठला आकडा?"

"ते विचारू नका."

"बरं. पुढे कंस वाढला ना, म्हणून मागच्यांचे नंबर सरकले. तिसरा होता तो चौथा झाला." जावयाने \3 खोडून \4 केलं. "आता?"

"आता तक्रार आली."

"आणि पत्ता? पत्ता बरोबर आहे?"

"पत्त्याच्या जागी पत्ता आहे."

"कुणाचा?"

वर्तमानपत्राआडून सासऱ्यांचा डोळा त्याच्यावर रोखला गेला. "जावईबापू, तुम्हाला हे कशाला हवंय?"

जावई पुन्हा आज्ञेकडे वळला. दुसरा कंसही सरकून तिसरा झाला असणार, हे त्याच क्षणी त्याच्या लक्षात यायला हवं होतं. पण सासरे असे रोखून पाहत असताना माणसाला स्वतःचा रक्तगटसुद्धा आठवत नाही. \2 जिथे होता तिथेच राहिला.

सासऱ्यांनी पत्रं स्वतःच छापली. घडी घालताना त्यांनी डोळे इतके बारीक केले की फक्त घराचा नंबर दिसावा. वॉचमनवर विश्वास नव्हता, म्हणून दुपारी सगळे झोपलेले असताना पायात मोजे घालून त्यांनी एकेक पाकीट दारांच्या फटींतून आत सरकवलं. शेवटी हातात एकच उरलं. त्यावर दोनशे एक लिहिलेलं होतं. म्हणजे त्यांचं स्वतःचं घर.

त्यांच्या मनात पाल चुकचुकली. फाइल त्यांनी स्वतः टाइप केली होती आणि तीत दोनशे एकविरुद्ध एक अक्षरही नव्हतं. जिन्यातच त्यांनी पाकीट फोडलं.

'सदनिका २०१ यांस, आपल्याविरुद्ध पुढील तक्रार आली आहे: सकाळी स्नानगृहात मोठ्याने, बेसूर आणि एकाच गाण्याची पहिली ओळ पुन्हा पुन्हा गाणे.'

सासरे पायरीवर बसले. हे शब्द त्यांचेच होते. ही तक्रार त्यांनीच केली होती, जावयाविरुद्ध. बाथरूमच्या झरोक्यातून रोज वरून गाणं खाली येई. समोरासमोर सांगणं बरं दिसलं नसतं, म्हणून त्यांनी सेक्रेटरीकडे, म्हणजे स्वतःकडेच, रीतसर गुप्त तक्रार दिली होती. आणि आता ती जशीच्या तशी उलटून त्यांच्याच दारात आली होती.

याचा अर्थ सरळ होता. जावयाने फाइल पाहिली आणि सूड घेतला.

पण बोलणार कसं? जाब विचारायचा तर आधी कबूल करावं लागणार, की तक्रार मी केली होती. त्यांनी पाकीट सदऱ्याच्या आत घातलं. घरी येऊन पाणी पिईपर्यंत ते सदऱ्यातून घसरून सासूबाईंच्या हातात गेलं होतं.

"चला," सासूबाई चष्मा काढत म्हणाल्या, "कुणीतरी बोललं एकदाचं."

"म्हणजे? मी गातो?"

"इतकी वर्षं मी काय रेडिओ समजत होते?"

सासऱ्यांनी बायकोकडे नव्याने पाहिलं. फाइलीचा लॅपटॉप कपाटात होता आणि कपाटाची दुसरी किल्ली हिच्याकडे होती.

तेवढ्यात दारावर थाप पडली. चौथ्या मजल्यावरचे निवृत्त जजसाहेब आत आले. हातात उघडं पाकीट, आणि एरवी शांत असणाऱ्या मिशा थरथरत होत्या.

"सेक्रेटरी, हे काय आहे?" त्यांनी वाचून दाखवलं. "'दारासमोरील सामाईक जागेत पादत्राणांचा विस्कळीत व विषण्ण करणारा ढीग.' ही तक्रार मी केली होती. समोरच्या दाताच्या डॉक्टरीणबाईंविरुद्ध! त्यांचे पेशंट बूट-चपला सोडतात, मी नाही!"

"त्यांनीही तुमच्याविरुद्ध तशीच तक्रार केली असेल," सासरे चाचरत म्हणाले.

"याच शब्दांत? 'विषण्ण करणारा'? या इमारतीत हा शब्द माझ्याशिवाय कोण वापरतं? माझा अर्ज तुम्ही त्यांना दाखवलात, त्यांनी तो उतरवून काढला. हा विश्वासघात आहे. उद्या सभा बोलवा. राजीनामा घेऊन या."

ते गेले. पण जिना चढताना स्वतःच्या दाराशी थबकले. तिथे त्यांचे फिरायला जायचे बूट, चिखलातले बूट, मुलाचे, सुनेचे आणि एक कोणाचाच नसलेला असे बरेच जोड पडलेले होते. जजसाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. कोणीतरी मोजत असणार. त्यांनी सगळे बूट कवेत घेतले आणि घाईने आत नेले.

तिसऱ्या मजल्यावरच्या कुत्रेवाल्या काकूंनी, जिन्यात कोणीतरी सिगारेट ओढतं, तो समोरचा कॅशियरच असणार, अशी तक्रार केली होती. त्यांना पत्र आलं की आपण जिन्यात सिगारेट ओढता. काकूंनी जन्मात सिगारेट हातात धरली नव्हती. त्या आधी रडल्या, मग विचार करू लागल्या. पत्र घरावर आलं आहे, आणि घरात आपण, काका आणि कुत्रा. कुत्रा वगळला. मग त्यांनी काकांचे शर्ट एकेक करून हुंगले. थोड्याच वेळाने काका, "अगं ऐक तर, ताण होता गं," असं काहीतरी म्हणत आणि कुत्रा त्यांच्यामागे भुंकत, असा सगळा लवाजमा जिन्यात आला.

संध्याकाळपर्यंत इमारतीत कोणी कोणाशी बोलेनासं झालं. लिफ्टमध्ये दोन माणसं भेटली की दोघंही छताकडे पाहत. फर्निचर ओढण्याची तक्रार करणाऱ्यांनी स्वतःच्या खुर्च्यांच्या पायांना मोजे घातले. टीव्हीच्या आवाजाची तक्रार करणारे आजोबा टीव्ही मुका करून बातम्या पाहत बसले आणि निवेदिका ओठ हलवून आपल्याबद्दलच बोलतेय असं त्यांना वाटू लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे वर आले. जावई नुकताच आंघोळ करून बाहेर पडला होता.

"जावईबापू," सासरे सहज आवाजात म्हणाले, "आपण गाता का हो?"

"मी? का?"

"नाही, सहज. बाथरूममध्ये वगैरे?"

"तुम्हाला ऐकू येतं?"

"मला कशाला ऐकू येईल!" सासरे दचकले. "मी आपलं विचारलं."

सासरे सहज कधीच काही विचारत नाहीत, हे जावयाला लग्नाच्या बोलण्यांपासून ठाऊक होतं. दोघं एकमेकांच्या चेहऱ्याकडे संशयाने पाहत उभे राहिले.

मुलगी डबा भरत होती. तिने झाकण ठाकन् आपटलं. "बाबा, काल संध्याकाळपासून तुम्ही सदऱ्यावर हात दाबून फिरताय. एकतर हृदय दुखतंय, नाहीतर खिशात काहीतरी आहे. काढा."

सासऱ्यांनी पाकीट काढलं. जावयाने वाचलं. "हे तर माझं वर्णन आहे," तो म्हणाला. "पण पत्ता तुमचा कसा?"

"तेच मी तुम्हाला विचारतोय! फाइल पाहिल्याशिवाय हे तुम्हाला कसं जमलं?"

"मी फाइल पाहिलीच नाही. मूळ ओळ काय होती तेवढी तरी सांगा."

सासऱ्यांनी मुलीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, आणि शेवटी अपराध्यासारखे म्हणाले, "दोनशे एक, मग बाण, मग तीनशे एक."

"बाबा!" मुलगी ओरडली. "तुम्ही आमच्याविरुद्ध तक्रार दिलीत?"

"तुझ्याविरुद्ध नाही गं. फक्त यांच्याविरुद्ध."

जावयाला राग यायला हवा होता. पण तो बोटांवर मोजत होता. "तारीख पहिला कंस. दोनशे एक दुसरा. तीनशे एक तिसरा. आणि पत्त्यावर मी..." त्याने कपाळावर हात मारला. "बाबा, मी दोन नंबर तसाच ठेवला!"

'दोन नंबर' हे शब्द कानावर पडताच निवृत्त ऑडिटर ताठ झाला. "कसला दोन नंबर? कुठे ठेवलात?"

"कंस! दोन नंबरचा कंस! पुढे कंस वाढल्यावर तीनचा चार केला, पण दोनचा तीन करायला विसरलो. सगळी पत्रं तक्रार करणाऱ्यांनाच गेली. प्रत्येकाला स्वतःचीच तक्रार."

"विसरलात," सासरे हळूच म्हणाले. मग स्वतःशीच हिशोब लावत राहिले. कोणी फाइल पाहिली नव्हती, कोणी कपाट उघडलं नव्हतं, कोणी सूड घेतला नव्हता. इतक्या माणसांपैकी एकाचाही काही डाव नव्हता. हे पचवणं त्यांना फार जड गेलं.

"पत्ता बरोबर आहे का, असं मी विचारलं होतं," जावई म्हणाला.

"हो. आणि मला तुमचा संशय आला होता."

संध्याकाळची सभा गच्चीवर भरली. सासऱ्यांच्या खिशात राजीनामा होता. लोक एकमेकांत एकेक खुर्ची सोडून बसले होते. मुलगी आणि जावई मागे उभे होते. सासरे घसा साफ करून उठले. "मला एक कबुली द्यायची आहे. जी पत्रं आपल्याला मिळाली..."

"एक मिनिट," जजसाहेब उठले. त्यांचा आवाज कालच्यापेक्षा बराच मऊ होता. "त्या पत्राची चौकशी व्हावी असं मला आता वाटत नाही. प्रकरण वैयक्तिक स्वरूपाचं आहे. मी माझ्या बाजूने आवश्यक ती, म्हणजे, व्यवस्था केली आहे."

"माझंही तेच म्हणणं," कुत्रेवाल्या काकू म्हणाल्या. शेजारी काका खाली मान घालून बडीशेप चघळत होते. "पत्रात लिहिलं होतं ते खरं निघालं. कोणी कळवलं माहीत नाही, पण उपकारच झाले."

"चौकशी नकोच," मागून आवाज आले. "झालं ते झालं." टीव्हीवाले आजोबाही मान हलवत होते. चौकशी झाली तर आपलं पत्र सगळ्यांसमोर वाचलं जाईल, एवढं प्रत्येकाला कळत होतं. बघता बघता कोणीतरी ठराव मांडला, की निःपक्षपाती कारभाराबद्दल सेक्रेटरींना पुढच्या वर्षीही कायम करावं. सगळे हात वर गेले.

"एकमताने?" सासरे पुटपुटले. त्यांनी वळून जावयाकडे पाहिलं. "यात नक्की काहीतरी आहे."

पण एक हात खाली होता. दाताच्या डॉक्टरीणबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांच्या दवाखान्यासमोरच्या चपलांबद्दल, ड्रिलच्या आवाजाबद्दल आणि लिफ्ट अडवणाऱ्या पेशंटांबद्दल फाइलीत सर्वांत जास्त तक्रारी होत्या. पण त्यांनी स्वतः कोणाविरुद्ध एकही केली नव्हती. त्यामुळे त्यांच्या दारात एकही पाकीट पडलं नव्हतं.

"माझा विरोध आहे," त्या म्हणाल्या. "सगळ्या इमारतीला पत्रं आली. मलाच नाही. का?"

"तुमच्याविरुद्ध काही..." सासरे अडखळले. "म्हणजे, तुमच्या नावावर पत्र निघालं नाही."

"का निघालं नाही? कालपासून लोक माझ्याकडे पाहून तोंड फिरवतात. समोरच्यांनी एका दिवसात सगळे बूट आत नेले. माझ्या दारासमोर ठेवायलाही लोक घाबरायला लागलेत का? कागदावर लिहिता येणार नाही असं नेमकं काय बोललं जातंय माझ्याबद्दल?"

"काहीच नाही हो, डॉक्टरीणबाई."

"काहीच नाही," त्या कडवटपणे म्हणाल्या. "मीही पेशंटला असंच सांगते. काही नाही, दुखणार नाही, आ करा."

खरी तक्रार आता दाखवायची, तर ती इतरांनी केली होती हेही सांगावं लागलं असतं. सासरे मटकन खाली बसले.

दुसऱ्या दिवशी तक्रारपेटीत एकच कागद निघाला. डॉक्टरीणबाईंची स्वतःविरुद्ध तक्रार. 'माझ्या पेशंटांच्या चपला जिन्यात पडलेल्या असतात. कृपया मला रीतसर पत्र द्यावे.' सासऱ्यांनी तो कागद उलटा केला, उजेडात धरला, हुंगलासुद्धा. मग वर जाऊन लॅपटॉप जावयासमोर ठेवला. या वेळी टॉवेल नव्हता.

"चारशे दोन, बाण, चारशे दोन," जावई म्हणाला. त्याने \2 चं \3 केव्हाच केलं होतं, पण क्षणभर विचार करून हसला. "बाबा, हे एकच पत्र असं आहे, की रविवारच्या चुकीनेही बरोबर दारात गेलं असतं."

"मग ते मी स्वतः घेऊन जातो."

डॉक्टरीणबाईंनी दारातच पाकीट फोडलं. सावकाश, एकेक शब्द वाचला. जिन्यातल्या चपलांकडे पाहिलं, आत जाऊन पेशंटला चपला उचलायला सांगितलं, आणि समाधानाने मान हलवली. सासऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि जिन्याकडे वळले.

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी कागद पालटून मागची कोरी बाजू पाहिली. मग पाकिटात दोन बोटं घालून चाचपलं. मग ते उलटं करून झटकलं.

"सेक्रेटरी," त्यांनी हाक मारली, "दुसरं पान कुठंय?"